कर्करोगाचे उपचार चालू असताना मध, प्रोपोलिस, रॉयल जेली, मधमाशीचं विष: नेमकं काय, किती, केव्हा?

शंकासुर (धागाकर्ता)

‘कॅन्सरमध्ये मध चालतो का?’ असं कुठेही विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक, ‘साखर आहे, गाठीला खुराक देताय.’ दोन, ‘नैसर्गिक आहे, बिनधास्त घ्या.’ दोन्ही आळशी उत्तरं. मध, प्रोपोलिस, रॉयल जेली (कामकरी माश्या राणीला भरवतात तो स्राव), परागकण आणि विष या पाच वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकाच पोळ्याशी निगडित आहेत म्हणून एकाच पिशवीत कोंबण्यात अर्थ नाही.

धाग्याची हद्द आधीच आखून घेतो. इथे फक्त पूरक वापराबद्दल बोलायचं आहे, म्हणजे शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार जे ठरलं असेल ते चालू ठेवून. मधाने गाठ विरघळवायची असेल तर दुसरीकडे धागा काढा. आणि कृपया ‘आमच्या ओळखीत एकांना फरक पडला’ छापाचे किस्से नकोत. मात्रा, वेळ, पद्धत, काय बिघडतं आणि का, एवढंच हवं आहे.

सुरुवातीचे प्रश्न: किरणोपचारात तोंड येतं त्यावर मध कसा वापरायचा? केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा मध घ्यावा का? प्रोपोलिस-रॉयल जेलीचं औषधांशी जुळतं का? आणि विषाबद्दल जे फिरतंय त्यात तथ्य किती?

एक_किरण

तोंडापासून सुरू करतो, कारण पुराव्याचं सगळ्यात जास्त वजन तिथेच आहे.

डोकं आणि मानेच्या कर्करोगात साधारण ६६ ते ७० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) एवढे किरण, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे साडेसहा-सात आठवडे देतात. तोंडाचं आतलं अस्तर एरवी सतत झिजतं आणि खालून नवं येतं. किरणांमुळे खालचं नवं येणं मंदावतं, वरचं झिजणं मात्र चालूच राहतं. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली येते आणि मग चट्टे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत १ म्हणजे हुळहुळणं आणि लाली, २ म्हणजे चट्टे आहेत पण घन अन्न जातं, ३ म्हणजे फक्त पातळ जातं, ४ म्हणजे तोंडाने काहीच जात नाही. आपली लढाई ३ आणि ४ टाळण्याची आहे. ३ला पोचलं की वजन उतरतं, नळी घालावी लागते, कधी उपचारात खंड पडतो. तो खंड खरा घातक, कारण तेवढ्या दिवसांत गाठीच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो.

मॅस्क आणि आयएसओओ या कर्करोगातल्या आधार-उपचारांवर आणि तोंडाच्या त्रासांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत मध आहे. पण शब्द नीट वाचा. तिथे ‘शिफारस’ आणि ‘सुचवणी’ अशा दोन पायऱ्या आहेत आणि मध खालच्या पायरीवर आहे. सुचवणीही एवढीच की डोकं-मानेच्या किरणोपचारात (केमोसोबत असो वा नसो) तोंड येऊ नये म्हणून मध तोंडात घोळवून गिळावा. चट्टे पडल्यावर भरून काढण्यासाठी नाही. लोक नेमके तिथे चुकतात, तिसऱ्या आठवड्यात आग व्हायला लागली की बाटली आणतात. सुरुवात पहिल्या दिवसापासून करायची.

मात्रा बहुतेक चाचण्यांत मिळतीजुळती आहे. मलेशियातली २००३ची ४० रुग्णांची चाचणी बरेच जण प्रमाण मानतात: २० मिली शुद्ध मध किरणांच्या १५ मिनिटं आधी, २० मिली १५ मिनिटं नंतर, २० मिली सहा तासांनी.

कृती अशी. मध मापाच्या पेल्यात ओता, बाटलीत चमचा बुडवू नका. २० मिली एकदम तोंडात घेऊ नका, तीन-चार घोटांत विभागा. प्रत्येक घोट दोन्ही गालांच्या आत, जिभेखाली, ओठांच्या मागे फिरवा, टाळूला जिभेने लावा, मग अगदी सावकाश गिळा. घशाला लेप बसायला हवा असेल तर हे सावकाश गिळणंच महत्त्वाचं. गटकन गिळलेला मध पोटात जातो, चट्टा पडणाऱ्या जागी थांबत नाही. नंतर किमान पंधरा-वीस मिनिटं पाणीही नको.

आधीच्या मात्रेची १५ मिनिटं पाळायला दुसरंही कारण आहे. किरण घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर मुखवटा आवळून उताणं झोपायचं असतं. तोंडात चिकट काही राहिलं तर खाकरावंसं वाटतं, मान हलते. मुखवटा बसवण्याआधी तोंड रिकामं आणि घसा मोकळा हवा.

दंतकथा

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण सहा तासांनीच्या मात्रेवर माझा आक्षेप आहे. सकाळी दहाला किरण झाले तर ती दुपारी चारला येते, ठीक. संध्याकाळी पाचला झाले तर रात्री अकराला येते. मग लोक मध घोळवून तसेच झोपतात. दातांसाठी याहून वाईट काही नाही.

किरणांनी लाळग्रंथी सुकतात. लाळ हीच दातांची पाठराखण: आम्ल ती धुते, खनिजं तीच परत देते. झोपेत लाळ एरवीही कमी, इथे तर जवळजवळ नाहीच. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर, सामू साधारण ३.२ ते ४.५. सामू ५.५च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. म्हणजे साखर आणि आम्ल दोन्ही आयते. किरणांनंतरची कीड नेहमीसारखी खाचेत बसत नाही, हिरडीलगत दाताला गोल वेढा घालते आणि मुकुटच्या मुकुट तुटून पडतो. आणि किरण बसलेल्या जबड्यातला दात काढणं सोपं नसतं. हाड भरून येत नाही, कुजू शकतं.

म्हणून क्रम असा ठेवा. संध्याकाळचा मध झोपण्याच्या किमान दीड-दोन तास आधी, मग सहा तास पुरे होवोत न होवोत. अर्ध्या तासाने साध्या पाण्याने चूळ, मग सोडा-मिठाच्या पाण्याने. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं करायचं. सोडा आम्ल मारतो. मग अतिमऊ ब्रश. सगळ्यात शेवटी १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइडची जेल, दातांच्या मापाच्या साच्यात घालून पाच मिनिटं. थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. फ्लोराइडनंतर मध घेतला तर सगळं मुसळ केरात.

मध घेतल्या घेतल्या ब्रशही नको. आम्लाने कवच मऊ झालेलं असतं, घासलं की निघतं. अर्धा तास थांबायचं ते यासाठीच.

एक_किरण

मान्य. तसंही सहा तास हा आकडा चाचणीत कुणीतरी निवडलेला, दगडावरची रेघ नव्हे. उशिराची वेळ असेल तर तिसरी मात्रा सकाळी न्याहारीनंतर टाकली तरी चालेल.

शनिवार-रविवारी किरण नसतात तेव्हाही मध चालू ठेवावा असं माझं मत. अस्तराची झीज सुट्टी घेत नाही.

मात्रा

हिशोब करून ठेवते, कारण तो कुणी करत नाही आणि मग तिसऱ्या आठवड्यात साखर ३००च्या वर गेलेली सापडते.

मधाची घनता १.४. म्हणजे २० मिली मध २० ग्रॅम नसतो, २८ ग्रॅम असतो. दिवसाला तीन वेळा म्हणजे ८४ ग्रॅम. त्यात साखर साधारण ६८-६९ ग्रॅम, उष्मांक २५५च्या आसपास. ३५ दिवस उपचाराचेच धरले तर जवळजवळ ३ किलो मध लागतो, शनिवार-रविवार धरून सात आठवडे घेतला तर ४ किलोच्या वर. बाटली एक आणि भरवसा सात आठवड्यांचा, असं चालत नाही. सगळा एका वेळी, एकाच खेपेचा घ्या.

मधुमेह असेल तर हे ६९ ग्रॅम जेवणातल्या कर्बोदकांतून वजा करायचे किंवा औषध वाढवायचं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. केमोच्या दिवशी उलटी थांबवायला डेक्सामेथासोन देतात, ते स्वतःच साखर चढवतं. डेक्सामेथासोन, मध आणि मधुमेह एकत्र आले की रोज दोन-तीनदा बोट टोचून बघावंच लागेल. साखर आवरत नसेल तर घोळवून थुंकून टाका. पाठीमागच्या घशाला फायदा कमी होईल, पण तडजोड वाईट नाही.

‘साखर गाठीला पोसते’ याबद्दल एवढंच: गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं, ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच ते दाखवलं आणि पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण मध बंद केल्याने रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही, यकृत ते तयार करतंच. गिळता न येणाऱ्या माणसाला दिवसाचे अडीचशे उष्मांक मिळत असतील तर ते साखरेच्या भीतीने सोडू नयेत.

शंकासुर

मानुका मधाचं (न्यूझीलंडकडच्या मानुका झुडपाच्या फुलांचा) काय? त्यावर आकडे छापलेले असतात, आणि जितका मोठा आकडा तितका गुणकारी असं सांगतात.

मात्रा

तो आकडा जिवाणू मारण्याच्या ताकदीशी, म्हणजे मुख्यतः मिथाइलग्लायॉक्झॉलशी निगडित आहे. साध्या मधात जिवाणूंना मारतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. माशीच्या लाळेतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मधात पाणी मिसळलं की जागं होतं आणि पेरॉक्साइड बनवतं. मानुकात त्यापलीकडे हे दुसरं रसायन असतं. जखमेत त्याला अर्थ आहे.

पण तोंड येणं हा मुळात जिवाणूंचा आजार नाही, अस्तर झिजण्याचा आहे. मँचेस्टरमधली २०१२ची १३१ रुग्णांची चाचणी बघा: एका गटाला मानुका, दुसऱ्याला गोल्डन सिरप म्हणजे साखरेचा पाक. दोन्ही २० मिली, दिवसातून चार वेळा, सहा आठवडे. तोंड येण्यात फरक पडला नाही. कॅनडातल्या २०१४च्या चाचणीतही मानुकाने फायदा दिसला नाही, वर चव आणि मळमळीमुळे बऱ्याच जणांनी मध्येच सोडून दिलं. ज्या चाचण्यांत फायदा दिसला त्यांत बहुधा साधे, स्थानिक मध होते. म्हणजे इथे आकडा बघून मोठी रक्कम मोजण्यात काही हशील नाही.

शंकासुर

मग पाक आणि मध सारखेच, असं का म्हणू नये?

एक_किरण

म्हणता येईल, आणि म्हणूनच मध ‘सुचवणी’च्या पायरीवर अडकला आहे. फायदा दाखवणाऱ्या चाचण्या छोट्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी तुलनेला नुसतं सलाइन किंवा काहीच नाही. मधासारखं दिसणारं, लागणारं, चिकटणारं खोटं औषध बनवणं अवघड, त्यामुळे रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत हे कळतंच. मध वापरू नका असं यातून निघत नाही. पण लेझरने प्रकाशोपचार उपलब्ध असेल तर तो सोडून मध, हे चूक. तो वरच्या पायरीवर आहे. बेंझिडामिन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्या मध्यम मात्रेच्या किरणांसाठी वरच्या पायरीवर आहेत. मध या सगळ्यांच्या जोडीला.

एक खबरदारी: सुन्न करणारी लिडोकेनची जेल लावून लगेच मध गिळायला जाऊ नका. घसा बधिर असताना मध श्वासनलिकेत जातो आणि कळतही नाही.

कामकरी_माशी

मध निवडण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

घरगुती परीक्षा सगळ्या विसरा. पाण्यात थेंब तळाला जातो, वात पेटते, मुंगी लागत नाही, कागद ओला होत नाही. यातून फार तर मधातलं पाणी किती ते कळतं. दाट पाकही तळाला जातो. भेसळ पकडायला कार्बनच्या समस्थानिकांची चाचणी लागते. त्यात ऊस-मक्याची साखर सापडते, तांदळाचा पाक मात्र निसटतो, त्याला एनएमआर ही प्रयोगशाळेतली महागडी तपासणी लागते. घरी काय बघाल? पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत असल्याचा अहवाल, आणि एचएमएफ या साखरेपासून बनणाऱ्या रसायनाचा आकडा. मध तापवला किंवा उन्हात वर्षानुवर्षं पडला की एचएमएफ वाढतं. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. हा आकडा कमी म्हणजे विकर जिवंत असण्याची शक्यता जास्त.

मध गोठला, रवाळ झाला म्हणजे भेसळ, हे पूर्ण उलटं. ग्लुकोज जास्त असलेला चांगला मधही गोठतोच. पण चट्टे पडलेल्या तोंडात रवे टोचतात, म्हणून वितळवून घ्या: बाटली ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात तासभर. मायक्रोवेव्ह नको, त्यात मध्येच उकळी फुटते आणि ग्लुकोज ऑक्सिडेज जातं. गरम चहा-दुधात घातलेल्या मधाचं तेच होतं. ते फक्त गोड पेय, उपचार नव्हे.

पाणी घालून पातळ करून बाटली भरून ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्ट कामाला लागतं, दोन-तीन दिवसांत फसफसतं आणि आंबतं. खूप झोंबत असेल तर त्या घोटापुरतंच थोडं पाणी मिसळा.

आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचा ‘नशिला’ मध मात्र चुकूनही नको. त्यातल्या ग्रेयानोटॉक्सिनने नाडी मंद होते, रक्तदाब घसरतो.

मात्रा

आता पांढऱ्या पेशींचा प्रश्न. कच्च्या मधात यीस्ट, बुरशी, बॅसिलसचे आणि क्वचित क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असतात. निरोगी मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला जातात. ते ५००च्या खाली गेले की आतड्याचं अस्तरही सोललेलं असतं आणि जे एरवी निरुपद्रवी ते रक्तात शिरू शकतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात तर कच्चा मध सरळ बंद असतो.

पाश्चराइज केलेला मध सुरक्षित का? यीस्ट मरतं, बीजाणू मरत नाहीत. बीजाणू मरतात ते गॅमा किरणांनी, २५ किलोग्रे मात्रेला, आणि त्याने मधाची जिवाणू मारण्याची ताकद फारशी जात नाही. वैद्यकीय दर्जाचा मध म्हणतात तो हाच.

थोडक्यात नुसते किरण चालू आहेत आणि रक्त ठीक आहे तर चांगला सीलबंद मध चालतो. किरणांबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर दर आठवड्याचा रक्ताचा अहवाल बघून ठरवा. न्यूट्रोफिल १०००च्या खाली गेले की मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही, ५००च्या खाली थेट बंद. ताप ३८.३ आला, किंवा ३८ तासभर टिकला, तर मध-बिध बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठा.

कामकरी_माशी

इथे थोडं जास्त घाबरवताय असं वाटतं. बोट्युलिझमचा धोका एक वर्षाखालच्या बाळांना असतो.

मात्रा

बोट्युलिझमचा, हो. माझा रोख यीस्ट, बुरशी आणि बॅसिलसवर जास्त आहे. न्यूट्रोफिल शून्याजवळ असलेल्या माणसात रक्तात बुरशी शिरली तर त्यातून बाहेर काढणं फार कठीण. मधाचा फायदा सुचवणीच्या पायरीवर आणि धोका हा असा, तराजू सरळ आहे.

दंतकथा

तोंडात पांढरं दिसलं की दोन गोष्टी वेगळ्या करा. चट्ट्यावरचा पिवळट पापुद्रा सहज निघत नाही, ओढला तर रक्त येतं. कॅन्डिडा या बुरशीची पांढरी साय कापसाच्या बोळ्याने पुसली जाते आणि खाली लाल दिसतं. कॅन्डिडावर मध हे औषध नाही, बुरशीनाशकच लागतं. निस्टॅटिनचं पातळ औषध तोंडात धरून ठेवायचं असतं आणि त्यानंतर अर्धा तास काही नको. त्यामुळे आधी मध, चूळ आणि मग निस्टॅटिन. उलटं केलंत तर औषध धुऊन जातं.

बोळा_आणि_पट्टी

जखमांबद्दल. त्वचेवर फुटलेल्या गाठींना दुर्गंधी येते, स्राव येतो, तिथे मधाचं ड्रेसिंग वापरतात. मध पाणी ओढून घेतो, जखम आम्लधर्मी ठेवतो, जिवाणू कमी झाले की वासही कमी होतो. डेन्मार्कमध्ये अशा जखमांवर मधाची आणि चांदीची ड्रेसिंगं समोरासमोर ठेवून पाहिली, दोघांत फरक निघाला नाही. म्हणजे मध वापरण्यासारखा आहे, पण चमत्कार नाही.

स्वयंपाकघरातली बाटली इथे अजिबात नको. निर्जंतुक ट्यूब किंवा मध भिजवलेली अल्जिनेटची पट्टी घ्या. जखम सलाइनने धुवा, घासू नका, अशा गाठी भसकन रक्त देतात. कडेच्या चांगल्या त्वचेवर झिंकचं मलम किंवा बॅरियर फिल्म, मगच मधाची पट्टी, वर शोषून घेणारं जाड पॅड. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्राव वाढतो, कारण मध पाणी खेचतोय. जखम चिघळली असं समजून लोक तिथेच सोडतात. दिवसातून दोनदा पॅड बदलायची तयारी ठेवा, नाहीतर कडेची त्वचा पांढरी पडून सोलते. पुढे दिवसाआड चालतं.

काहींना आग होते. आम्लामुळे आणि पाणी ओढण्यामुळे. अर्धा तास आधी वेदनाशामक द्या. तरी आग थांबत नसेल तर धुऊन टाका आणि दुसरं ड्रेसिंग निवडा, मध सहन करायची पैज लावू नका. प्लेटलेट कमी असताना किंवा जखमेतून रक्त झिरपत असताना चिकटणारी पट्टी नको. आणि तो भाग किरणांखाली येत असेल तर जाड ड्रेसिंग रोज किरणांआधी काढायचं, त्याने त्वचेवरची किरणांची मात्रा वाढते.

किरणांनी भाजल्यासारख्या झालेल्या अखंड त्वचेवर मध चोपडण्यात मला तरी फायदा दिसत नाही. कपडे चिकटतात एवढंच.

शंकासुर

मध झाला. आता प्रोपोलिस.

कामकरी_माशी

प्रोपोलिस म्हणजे माशी झाडांच्या कळ्यांवरची राळ गोळा करून, मेण मिसळून पोळ्याच्या फटी बुजवायला वापरते ते. अंदाजे निम्मी राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेलं, उरलेलं पराग वगैरे. खरी अडचण ही की झाड बदललं की माल बदलतो. पॉपलरच्या राळेत केप नावाचं संयुग, क्रायसिन, गॅलॅन्जिन. ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसमध्ये आर्टेपिलिन सी. एकावर झालेली प्रयोगशाळेतली चाचणी दुसऱ्याला लागू होत नाही, लेबलवर मात्र दोन्हीकडे एकच शब्द. पोळ्याच्या फळ्यांवरचा रंग आणि पत्र्यामुळे शिसंही उतरू शकतं.

अर्क करताना राळ गोठवून कुटतात, मेण वेगळं पडतं. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक-दोन आठवडे रोज हलवत ठेवतात, गाळतात, थंड करून उरलेलं मेण पुन्हा गाळतात. म्हणजे बाजारातले बरेचसे थेंब हे अल्कोहोलचे थेंब असतात.

दंतकथा

आणि ते आलेल्या तोंडात टाकणं म्हणजे जखमेवर मीठ. प्रोपोलिसच्या गुळण्यांवर छोट्या चाचण्या आहेत, काहींत बरा परिणाम दिसतो, पण मॅस्कच्या यादीत तो मधाच्या पायरीवर पोचलेला नाही. वापरायचाच तर बिनअल्कोहोलचा. आणि आधी ॲलर्जी तपासा. प्रोपोलिस हा संपर्काने त्वचादाह करणाऱ्या वस्तूंतला नावाजलेला गडी. त्वचारोगतज्ज्ञ व्हॅसलिनमध्ये १० टक्के प्रोपोलिस पाठीवर लावून दोन दिवसांनी आणि मग पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. ज्यांना बाल्सम ऑफ पेरूची (सुगंधी द्रव्यांत, मलमांत वापरतात तो झाडाचा चीक) ॲलर्जी आहे त्यांनी वाटेला जाऊ नये. ओठ सुजले, कडेला पुरळ आलं तर ते ‘शरीर शुद्ध होतंय’ नसतं.

मात्रा

गोळ्या-कॅप्सूलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: केमो किंवा किरण चालू असताना नको. प्रोपोलिसमधली संयुगं प्रयोगशाळेत यकृतातल्या विकरांना अडवतात, त्यात सीवायपी३ए४सुद्धा येतं. कर्करोगाच्या तोंडी औषधांपैकी बरीचशी त्याच वाटेने मोडतात. शरीरात हा परिणाम किती होईल ते मात्रेवर ठरतं, पण जिथे औषधाची मात्रा मिलिग्रॅमने मोजून दिली जाते तिथे ही लुडबुड कशाला? दुसरं, रक्त पातळ करणारी औषधं. प्रोपोलिस आणि रॉयल जेली दोन्हींत वॉरफरिनसोबत सावध राहावं लागतं. रॉयल जेलीमुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढून लघवीतून रक्त गेल्याची नोंद आहे. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी दोन्ही बंद करा.

रॉयल जेलीत १०-एचडीए हे आम्ल ही ओळखीची खूण, त्याचं प्रमाण लेबलवर नसेल तर घेऊच नये. थकव्यावर इराणमध्ये एक छोटी चाचणी झाली, ५२ रुग्ण, रॉयल जेली घातलेला मध दिवसातून दोनदा ५ मिली, चार आठवडे. थकवा उतरलेला दिसला. पण एका छोट्या चाचणीवर एवढंच म्हणता येतं. दमा असलेल्यांनी रॉयल जेली पूर्ण टाळावी, जिवावर बेतलेल्या ॲलर्जी झाल्या आहेत. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगातही मी नकोच म्हणेन. प्रयोगशाळेत तिचे घटक इस्ट्रोजेनच्या ग्राहकांना, सौम्यपणे का होईना, चिकटतात.

परागकणांचा एक मजेशीर किस्सा, वैयक्तिक नाही. जर्मनीत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत अंगातून वाफा येण्यावर परागकण देऊन पाहिले आणि तुलनेला खोटं औषध म्हणून मध दिला. दोन्ही गटांत सारखाच आराम. खरं औषध आणि खोटं औषध दोन्ही जिंकली, म्हणजे निष्कर्ष काय काढायचा तो काढा. बाकी परागकणांत बुरशी, परागज्वराची ॲलर्जी आणि काही वनस्पतींमधले यकृताला मारक पायरोलिझिडिन अल्कलॉइड, एवढं सामान फुकट मिळतं.

शंकासुर

आणि विष? ‘मधमाशीचं विष स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तासाभरात मारतं’ हे दर महिन्याला कुणीतरी पाठवतं.

एक_किरण

ते वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. पर्थमधल्या हॅरी पर्किन्स संस्थेने २०२०मध्ये दाखवलं की विषातलं मेलिटिन ठरावीक तीव्रतेला ट्रिपल निगेटिव्ह आणि हर२ या स्तनाच्या कर्करोगाच्या प्रकारांतल्या पेशींचं आवरण तासाभरात फोडतं. काचेच्या बशीत, आणि पुढे उंदरांत. मेलिटिन म्हणजे २६ अमिनो आम्लांची साखळी, कोरड्या विषाचा जवळजवळ अर्धा भाग. ती पेशीच्या आवरणात घुसून भोकं पाडते, आणि जास्त मात्रेत चांगल्या पेशींनाही, लाल रक्तपेशींनाही पाडते. म्हणून संशोधक तिला गाठीपर्यंतच पोचवणारं वाहन शोधत आहेत. माशी चावून घेणं म्हणजे ते वाहन नव्हे. हातावर डंख घेतला तर फार तर सव्वाशे-दीडशे मायक्रोग्रॅम विष त्वचेत राहतं, गाठीपर्यंत त्या तीव्रतेने काहीच पोचत नाही.

बोळा_आणि_पट्टी

पोचते ती ॲलर्जी. स्पेनमध्ये जिवंत माशांचे डंख घेणारी एक बाई दगावल्याची नोंद २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. ती दोन वर्षं हे उपचार घेत होती. म्हणजे ‘आधी चालले, आताही चालतील’ हे इथे लागू नाही. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाचं औषध) चालू असेल तर ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, ॲड्रिनॅलिनही नीट लागू पडत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर डंख म्हणजे सूज कायमची मागे लागण्याची भीती. प्लेटलेट कमी असतील तर आणखी वेगळं. चाचण्या संपून औषध येईल तेव्हा येईल, आज याला पूरक उपचार म्हणू नका.

शंकासुर

‘पूरक’ शब्दावरून आठवलं. अमेरिकेतल्या २०१८च्या अभ्यासात पूरक उपचार घेणाऱ्यांत मृत्यू दुप्पट दिसले होते ना? मग ही चर्चाच कशाला?

एक_किरण

त्याच अभ्यासात कारणही आहे. त्या गटात शस्त्रक्रिया, केमो, किरण, हार्मोन यांपैकी काहीतरी नाकारणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. नाकारण्याचा हिशोब जमेस धरल्यावर पूरक उपचारांचा स्वतंत्र धोका उरला नाही. म्हणून डॉक्टरांना सांगताना ‘थोडा मध घेतो’ असं मोघम नको. वस्तू, दर दिवशी किती मिली, किती वाजता, कधीपासून, असं कागदावर लिहून द्या. वरचे सगळे आकडे तिथे कामाला येतात.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. किरण संपले की मध कधी थांबवायचा?

दंतकथा

चट्टे किरण संपल्यावर लगेच बरे होत नाहीत, पहिला आठवडाभर उलट वाढलेले दिसू शकतात. नुसते किरण असतील तर साधारण दोन ते चार आठवड्यांत भरतात, केमो सोबत असेल तर त्याहून जास्त लागतात. प्रतिबंधाचं काम तिथे संपलेलं असतं, म्हणून चट्टे भरून घन अन्न जायला लागलं की मध बंद करा, ‘सवय झाली’ म्हणून चालू ठेवू नका. लाळ मात्र महिनोन्‌महिने कमीच राहते, कधी कायमची. फ्लोराइडची जेल त्यामुळे थांबवायची नाही, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिरडीलगतच्या कडा तपासून घ्यायच्या.